वेळासची कासवं आणि केळशीची वाळूची टेकडी (फोटो आहेत, जरा लांबलंय)

पायवाट | मंगळवार, रात्री ९:१२

धुळवडीला जोडून सुट्टी आली आणि कासवाची पिल्लं समुद्रात सोडतात ती बघायला यंदा तरी कोकणात वेळासला जायचंच असं ठरवून टाकलं, कारण लेक तिसरीत असल्यापासून "कासव कधी" विचारतेय आणि आता ती पाचवीत जाईल. आम्ही पाच जण, मी, नवरा, लेक, धाकटा दीर आणि सासूबाई. पुण्याहून पहाटे निघालो, ताम्हिणी, माणगाव, आंबेत, मंडणगड करत दुपारी वेळास. मंडणगडच्या पुढे रस्ता अरुंद आहे आणि शिमग्याचे दिवस, त्यामुळे दोन ठिकाणी पालखी आडवी आली. थांबावं लागलं पण ढोल ऐकत थांबण्यात काय वाईट वाटायचंय. सासूबाईंनी गाडीतूनच हात जोडले आणि दिराकडून दहा रुपये घेऊन ठेवले, त्या दहा रुपयांची तो अजून आठवण करून देतो.

वेळासमध्ये हॉटेल वगैरे प्रकार नाही, लोकांच्या घरीच राहायचं. आमची सोय एका वाडीत होती, पुढे अंगण, मागे नारळ-सुपारी, जेवायला केळीच्या पानावर भात, डाळिंब्यांची उसळ, सोलकढी आणि संध्याकाळी मोदक. समुद्र घरापासून चालत पंधरा-वीस मिनिटं. हे मुद्दाम सांगतेय, कारण गाडी थेट वाळूपर्यंत जात नाही म्हणून आमच्यासमोर एक कुटुंब यजमानांशी हुज्जत घालत होतं.

संध्याकाळी सहाला किनाऱ्यावर गेलो तर दीडदोनशे माणूस. किनाऱ्याच्या वरच्या अंगाला, सुरूच्या झाडांच्या पुढे, जाळीचं कुंपण घातलेली जागा आहे. कासवांनी रात्री येऊन घातलेली अंडी तिथे आणून तेवढ्याच खोल खड्ड्यात पुरतात. प्रत्येक घरट्याला पाटी, तारीख आणि पिल्लं निघायचे दिवस जवळ आले की वरून बांबूची टोपली पालथी. गावातले दोघे आत गेले. एकाने पहिली टोपली उचलली, वाकून बघितलं आणि परत ठेवली. दुसरी, तिसरी, तशीच. गर्दीतून "अरेरे" असा आवाज, क्रिकेटमध्ये कॅच सुटल्यावर येतो तसा. लेकीचा चेहरा बघवेना.

सकाळी परत साडेसहाला. या वेळी माणसं निम्मी, कारण बाकीचे झोपले असावेत. पाचवी टोपली उचलली आणि तो माणूस नुसता हसला. चार पिल्लं. चारच. काळपट राखाडी, माझ्या अंगठ्याएवढं लांब अंग, आणि वल्ह्यासारखे पुढचे पाय. पाण्यापासून थोड्या अंतरावर वाळूत सोडली, दोन बाजूंना दोर लावलेले, कोणी मधे यायचं नाही. ओहोटी होती त्यामुळे पाणी लांब. तिघं सरळ निघाली. चौथं एका टाचेच्या खड्ड्यात पडलं. कोणीतरी दोर लावायच्या आधी तिथून चालत गेलं असणार, त्याच्या टाचेचा ठसा, दोन-अडीच इंच खोल. पिल्लू चढायचं, वाळू ढासळायची, परत तळाला. असं सहा वेळा. (लेकीने मोजलं.) हात लावू नका असं सांगितलेलं, सगळे श्वास रोखून. सातव्यांदा ते कडेला पोचलं, थोडा वेळ तसंच पडून राहिलं आणि मग लाटेने उचललं. सासूबाई म्हणाल्या, "गेली गो बाई सासरी."

नाश्त्याला आंबोळ्या खाऊन केळशीला निघालो. मधे जरा वेळ गेला, त्यामुळे पोचायला साडेचार वाजले. तिथली वाळूची टेकडी बघायचीच होती मला. भारजा नदी समुद्राला मिळते तिथे ही टेकडी आहे, पाच-सहा मजली इमारतीएवढी असेल, आणि सगळी वाळू. कोकणात आपण डोंगर म्हणजे जांभा दगड धरून चालतो, त्यामुळे हे दृश्य डोक्यात बसायलाच वेळ लागतो. वरून वाळू तापलेली, पाय टेकवत नाही, पण पावलं आत रुतवली की खाली गार. वाऱ्याने पृष्ठभागावर अशा सुरकुत्या पडलेल्या की साडीच्या निऱ्या. पायथ्याला मर्यादवेल पसरलेली, आपट्यासारखी दुभंगलेली पानं आणि जांभळट गुलाबी फुलं. एका बाजूला टेकडी कापलेली आहे आणि त्या उभ्या भिंतीत भोकंच भोकं, त्यात वेडे राघू आत-बाहेर करत होते. अर्धा तास तिथेच बसले. खाली ओल्या वाळूत बारक्या खेकड्यांनी गोळ्या करून ठेवलेल्या, नीट बघितलं तर प्रत्येक बिळाभोवती ठिपक्यांची रांगोळी.

फोटो टाकते आहे. पक्ष्यांची नावं कोणी सांगितली तर बरं.

सुपारीचं_खांड | मंगळवार, रात्री ९:४०

मस्त लिहिलंय. सहा वेळा पडलेलं पिल्लू डोळ्यासमोर आलं. फोटो ४ आणि ५ दिसत नाहीयेत.

खवळे | मंगळवार, रात्री ९:५५

कोकणात जाऊन उसळ आणि सोलकढी? मासे कुठेयत धाग्यात??

पायवाट | मंगळवार, रात्री १०:०३

@खवळे सासूबाई सोबत होत्या हो. दुसऱ्या दिवशी रात्री सुरमई झाली, त्यांच्यापासून लांब बसून. फोटो परत चढवलेत.

तुतवार | मंगळवार, रात्री ११:२०

फोटो ६ मधले पळणारे छोटे पक्षी चिखल्या आहेत, लाटेपुढे पळत जाणारे. हे थंडीत येतात, एप्रिलच्या आसपास परत उत्तरेला जातात, त्यातल्या काहींचे रंग आत्ताच बदलायला लागलेले दिसतायत, छातीवर तांबूस पट्टा बघा. फोटो ८ मधे कुरव आणि सुरय एकत्र बसलेत, लोक सगळ्यांनाच सीगल म्हणतात. सुरय सडपातळ, चोच टोकदार, शेपटी दुभंगलेली. आणि फोटो ११ मधे उंच सुरूवर बसलाय तो पांढऱ्या पोटाचा समुद्र गरुड!! तुम्ही त्याला "घार?" असं लिहिलंय म्हणून ओरडावंसं वाटलं. मुख्यतः मासे आणि समुद्री साप खातो, किनाऱ्यालगतच्या उंच झाडावर काट्याकुट्यांचं भलंमोठं घरटं करतो आणि वर्षानुवर्षं तेच वापरतो.

वेडे राघू वाळूच्या उभ्या कड्यात बीळ खणून अंडी घालतात, आणि हेच त्यांचे दिवस आहेत. तुम्ही अर्धा तास समोर बसलात तर त्यांचं बिळात जाणं-येणं बंद झालं असेल कदाचित. टोमणा नाही, पुढच्या वेळी थोडं लांब बसा.

मंडणगडकर_७ | बुधवार, सकाळी ७:१५

मी त्या भागातलाच, आत्याच्या घरी पाहुणे उतरतात म्हणून थोडं सांगतो. टोपलीखाली काही नसलं की लोक चिडतात, आत्याला फोन करून पैसे परत मागणारे पण भेटलेत. अहो अंड्यातून पिल्लू यायला ४५ ते ६० दिवस लागतात, वाळू किती तापते त्यावर ठरतं, ती काय एसटी आहे का वेळापत्रकाने यायला (एसटी तरी कुठे येते). उष्णतेचं आणखी एक म्हणजे नर की मादी हे पण त्यावरच ठरतं, वाळू जास्त गरम असेल तर माद्या जास्त.

आमच्या लहानपणी अंडी लोक खणून न्यायचे, विकायचे, खायचे. उरलेली कुत्रे आणि कोल्हे. हे खोटं बोलण्यात अर्थ नाही, माझ्या आज्याने पण खाल्लेली. २००२ ला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेची माणसं आली, भाऊ काटदरे आणि त्यांचे लोक, गावातल्या पोरांना घेऊन पहाटे किनाऱ्यावर फिरायला लागली. सुरुवातीला गाव हसलं. २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला, मग घरोघरी पाहुणे यायला लागले आणि मग कोणी हसलं नाय. आता जो माणूस पूर्वी अंडी शोधण्यात पटाईत तोच घरटं शोधण्यात पटाईत, कारण मादीच्या पावलांची वाट वाचणं हे काम तेच आहे. ट्रॅक्टर गेल्यासारखे दोन्हीकडे वल्ह्याचे ठसे असतात, वर जाणारे आणि खाली येणारे, आणि मधे कुठेतरी वाळू विस्कटलेली. तिथे काठी हळूच घालून बघायची, भुसभुशीत लागलं की हाताने उकरायचं. दीडेक फुटावर अंडी, शंभर-सव्वाशे, पिंगपाँगच्या चेंडूसारखी पण मऊ.

रसायनी_बाई | बुधवार, सकाळी ९:३०

@मंडणगडकर_७ फार छान माहिती. मादी परत येते का पिल्लांसाठी?

मंडणगडकर_७ | बुधवार, सकाळी ९:४८

नाय. अंडी घालून, मागच्या पायांनी वाळू लोटून, अंगाने थोपटून निघून जाते, सगळं तासाभरात. पुढचं वाळू जाणे.

डोळस | बुधवार, दुपारी १:०५

फोटो ९ मोठा करून बघितला. डाव्या कोपऱ्यात टायरचे व्रण आहेत, खोल. हा वेळास नाही आणि केळशीही वाटत नाही. आणि "मधे जरा वेळ गेला" म्हणजे सकाळी निघून साडेचार? पायवाट, गाडी कुठे नेली होतीत?

खवळे | बुधवार, दुपारी १:१०

सीआयडी आले.

पायवाट | बुधवार, रात्री ९:३५

सापडले. सांगते.

वेळासहून निघाल्यावर वाटेत एक किनारा लागला, नाव सांगत नाही. मोकळा, एक माणूस नाही, ओहोटी वळलेली, ओली वाळू डांबरासारखी कडक. दिराची गाडी नवी. चारही चाकांना जोर असलेली. तो म्हणाला घालू का, नवरा म्हणाला नको. आणि मी, जिने सकाळी त्या पिल्लासाठी डोळ्यात पाणी आणलं होतं, मी म्हटलं घे रे, एक फोटो काढू, कोण बघतंय.

सासूबाई माहेरच्या अलिबागजवळच्या. मागच्या सीटवरून म्हणाल्या, "आज द्वितीया आहे, दीडला भरती, आणि पौर्णिमेचं उधाण अजून ओसरलं नाही." आम्ही तिघांनीही हो हो केलं.

जाताना मजा आली. वळताना दिराने गाडी वरच्या कोरड्या वाळूत घेतली आणि पुढचं चाक बसलं. मग जोर दिला, मग मागचं बसलं. जितका जोर द्यावा तितकी खाली. सव्वाअकरा वाजलेले. पायपुसणी घातली चाकाखाली, ती उडून मागे दहा फुटांवर. साडेबाराला पाणी टायरपासून वीस-पंचवीस पावलांवर आलं आणि दीर रडायच्या बेतात.

नवरा गावात धावत गेला. ट्रॅक्टर घेऊन तिघं आले, एक म्हातारे होते, लुंगी आणि डोक्याला टॉवेल. दोर बांधला, दहा मिनिटांत गाडी बाहेर. मी पैशाचं विचारायला गेले तर म्हातारे गाडीकडे बघतच नव्हते, चाकांनी उकरलेल्या त्या लांबच लांब चरांकडे बघत होते. म्हणाले, "गाडी निघाली ओ ताई. ही चाकोरी कोन बुजवनार? राती पिल्लू पडला यात, तर वर नाय यायचा."

चाकोरी हा शब्द मी आयुष्यभर वापरलाय, चाकोरीबाहेरचं करिअर, चाकोरीबद्ध जगणं. त्याच्यातलं चाक मला त्या दिवशी दिसलं. टाचेच्या अडीच इंची खड्ड्यातून यायला त्या पिल्लाला सात वेळा लागले होते. आणि हे चर माझ्या पोटरीपर्यंत.

फावडं एकच होतं. आम्ही पायाने, हाताने, डब्याच्या झाकणाने बुजवलं, लेक पण. दीड तास. सासूबाई दगडावर बसून "तिकडे राहिलं" असं बोट दाखवत होत्या आणि एकदाही "सांगितलं होतं" म्हणाल्या नाहीत, त्याने जास्त लागलं. ट्रॅक्टरवाल्यांनी डिझेलचे पाचशे घेतले, जास्त देत होतो ते घेतले नाहीत.

हे आधी लिहिलं नाही कारण लाज वाटली. फोटो ९ काढून टाकणार होते, आता राहू दे.

सुपारीचं_खांड | बुधवार, रात्री १०:०२

लिहिलंत हे बरं केलं. सासूबाईंना नमस्कार.

रपेट | बुधवार, रात्री १०:३०

एवढं काय त्यात? गाडी किनाऱ्यावर नेली तर आकाश कोसळलं का. सगळे नेतात. भरती आली की सगळं साफ होतं. तिथलेच लोक बैलगाड्या, घोडागाड्या, एटीव्ही (त्या जाड चाकांच्या बाइक) फिरवतात, त्यांना कोणी बोलत नाही, पुणे-मुंबईची पाटी दिसली की सगळे पर्यावरणवादी.

तुतवार | बुधवार, रात्री १०:५८

@रपेट भरती ओली वाळू साफ करते. कासव अंडी घालतं भरतीच्या रेषेच्या वर, कोरड्या वाळूत, तिथे पाणी पोचू नये म्हणूनच ती इतकी वर चढून येते. म्हणजे जो भाग लाट पुसत नाही नेमका तोच तिचा. गाडीच्या वजनाने वाळू दाबली गेली की खालच्या पिल्लांना वर खणत येणं अवघड होतं. आणि चाकोरीत पडलेलं पिल्लू वर येत नाही, चाकोरीतूनच सरळ चालत राहतं, समुद्राला समांतर. उजाडलं की कावळे, घारी, कुत्रे. एटीव्हीचं म्हणाल तर तुमचं बरोबर आहे, तेही बंद व्हायला हवेत, पण म्हणून आपणही न्यायची हे कुठलं गणित.

मंडणगडकर_७ | बुधवार, रात्री ११:१०

रपेट, बैलगाडी वाळू-शेणखत न्यायला जायची दिवसाला एक. तुमच्या गाड्या ३१ डिसेंबरला साठ असतात.

रपेट | बुधवार, रात्री ११:१४

बरं बरं.

वालुकामय | गुरुवार, सकाळी ८:२०

केळशीच्या टेकडीबद्दल कोणीच बोलत नाहीये म्हणून. ती कापलेली भिंत वेड्या राघूंनी नाही केलेली, सागरी महामार्गाच्या पुलाच्या कामात टेकडीचा तुकडा गेला. त्याने एक झालं, आतले थर उघडे पडले आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्व अभ्यासक अशोक मराठे यांनी त्यांचा अभ्यास केला. वाळूच्या मधल्या थरात खापरं, हाडं, शिंपले, जुनी नाणी असं सापडलं, म्हणजे तिथे माणसं राहत होती आणि वाळू त्यांच्यावर आली. एवढी वाळू एकदम कशी आली, तर त्सुनामीने, असा त्यांचा तर्क. सगळ्यांना तो मान्य नाही, वाऱ्यानेही हळूहळू टेकडी होऊ शकते असं म्हणणारेही आहेत. मी भूगोल शिकवतो, माझं मत विचाराल तर दोन्ही थोडं थोडं, पण माझ्या मताला काय विचारता.

टेकडी मुळात उभी कशी राहते ते त्या मर्यादवेलीत आहे. वारा वाळू उडवत आणतो, वेल अडवते, वाळू वेलीवर चढते, वेल परत वर येते, परत अडवते. वेल तुडवली की वाळू मोकळी. समुद्राला बांध घालायला कोट्यवधी खर्च करतात, ही वेल तेच काम फुकट करते. नावच मर्यादवेल, समुद्राची मर्यादा सांगणारी. सीआरझेडच्या, म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकामाच्या, नियमात वाळूच्या टेकड्या सगळ्यात कडक गटात आहेत, एक-अ मधे, कासवांच्या विणीच्या जागाही त्यातच. कागदावर.

हेल्म_आणि_वारा | गुरुवार, दुपारी २:४० (नेदरलँड्स)

हे वाचून राहवलं नाही. मी मूळची गुहागरची, आता इथे हेगजवळ. इथे बहुतेक किनाऱ्याला अशा टेकड्या आहेत, त्यांना दाउनन म्हणतात, आणि जवळजवळ पाव देश समुद्रसपाटीच्या खाली असल्यामुळे टेकड्या म्हणजे यांचा जीव. वाळू धरायला हेल्म नावाचं गवत हाताने लावतात, ओळीने, भात लावल्यासारखं. आखलेल्या पायवाटेबाहेर पाय टाकला तर दंड होतो. ॲमस्टरडॅमचं पिण्याचं पाणी १८५३ पासून या टेकड्यांमधून येतं, आता नदीचं पाणी आणून वाळूत सोडतात आणि गाळून परत घेतात. मी पहिल्या वर्षी टेकडीवरून घसरगुंडी करायला गेले तर एका आजीने सायकल थांबवून मला झापलं. डचमध्ये. एक अक्षर कळलं नाही आणि सगळं कळलं.

गुहागरला आमच्या घरामागे पण वाळूचा उंचवटा होता, त्याला आम्ही पुळण म्हणायचो, त्यावर केवडा होता. आता तिथे सिमेंटची भिंत आणि बसायला बाक.

डोळस | गुरुवार, संध्याकाळी ६:१५

गुहागरचं निघालंच आहे तर, २०२५ च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालायला आलेल्या एका मादीच्या पायाला बिल्ला सापडला, ती २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर बिल्ला लावलेली निघाली. साधारण साडेतीन हजार किलोमीटर, अख्खा दक्षिण भारत वळसा घालून. त्याआधी असं मानायचे की पूर्व आणि पश्चिम किनाऱ्याची कासवं वेगळी. आणि २०२३ मध्ये गुहागरलाच उपग्रहाचं यंत्र लावलेली बागेश्री नावाची मादी उलट दिशेने श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली होती. वेळासला पहिलं यंत्र जानेवारी २०२२ मध्ये लावलं, तिचं नाव प्रथमा.

मांडवीकाठ | गुरुवार, रात्री ८:५०

आमच्याकडे गोव्यात मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग हे चार किनारे कासवांसाठी राखीव. प्रश्न दिव्यांचा. पिल्लू ज्या बाजूला आभाळ उजळ तिकडे चालतं, पूर्वी रात्री ती बाजू समुद्राचीच असायची. आता मागे झगमगाट असला की पिल्लू उलट फिरून रस्त्याकडे. वेळासला अंधार आहे तो टिकवा. मोबाईलचे टॉर्च पण नकोत, माणसं सकाळी अर्धवट उजेडात पण फ्लॅश मारतात.

मोरजीला टेकड्या होत्या वाळूच्या, आता सपाट करून खुर्च्या मांडल्यात. जास्त बोलत नाही.

रसायनी_बाई | शुक्रवार, सकाळी १०:१०

वेळासच्या किनाऱ्यावरचं सुरूचं बन किती सुंदर दिसतं! ते तरी चांगलं ना?

तुतवार | शुक्रवार, सकाळी १०:४५

दिसायला सुंदरच. पण सुरू इथला नाही, वारा अडवायला म्हणून वनखात्याने किनाऱ्यावर लावला. खाली सुयांसारख्या काड्यांचा थर पडतो, त्यात मर्यादवेल तग धरत नाही, मुळांच्या जाळ्यात कासवाला खणता येत नाही. उंडी, केवडा हे इथले.

मंडणगडकर_७ | शुक्रवार, सकाळी ११:३०

सुरूची एक बाजू सांगतो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमच्याकडे नारळ-सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या, आत्याच्या एका वाडीत सुपारीची शंभर झाडं होती, बारा राहिली. सुरू पण पडले शेकड्याने. पण पडता पडता वारा थोडा तरी त्यांनीच खाल्ला असं आत्या म्हणते, म्हणून ती सुरूला नावं ठेवू देत नाही.

खवळे | शुक्रवार, दुपारी १२:२०

सगळं खरं पण ती तिथीची भानगड काय, सासूबाईंना भरती दीडला कशी माहीत? मोबाईल न बघता?

पायवाट | शुक्रवार, रात्री ९:२०

विचारलं त्यांना. म्हणाल्या तिथीची पाऊणपट कर. द्वितीया म्हणजे दोन, त्याची पाऊणपट दीड, म्हणजे दीडला पूर्ण भरती, दुपारी पण आणि साधारण रात्री पण. चतुर्थीला तीन. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे दुपारी बाराच्या आसपास. दोन भरत्यांच्या बरोबर मधे ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे उधाण, पाणी जोरात आणि वरपर्यंत, अष्टमीच्या आसपास भांग, पाणी सुस्त. त्यांचे वडील होडीवर जायचे. दिराने मोबाईलवरच्या तक्त्याशी ताडून बघितलं, पंधरा-वीस मिनिटांचा फरक. तेव्हापासून तो गप्प आहे.

वालुकामय | शनिवार, सकाळी ७:४०

उद्या वर्गात हेच शिकवणार. उद्या रविवार आहे, परवा.

सुपारीचं_खांड | शनिवार, दुपारी ४:००

आम्ही एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात जायचं म्हणतोय, तेव्हा पिल्लं असतील का? आणि डॉल्फिन कुठे दिसतील?

मंडणगडकर_७ | शनिवार, संध्याकाळी ५:२५

एप्रिलमधे असतात, पण घरटी किती उरलीत ते गावात फोन करून विचारूनच या. दोन मुक्काम धरा, म्हणजे चार वेळा टोपली उचलतील. शनिवार-रविवार टाळता आलं तर उत्तम. डॉल्फिन दापोलीच्या मुरुड-कर्दे बाजूला दिसतात, सकाळी लवकर. होडीवाल्याला सांगा इंजिन बंद करून थांब, पाठलाग नको. थांबलात तर ते स्वतःच जवळून जातात. आणि मुंबईहून येणार असाल तर हरिहरेश्वरकडून बागमांडला-वेसवी फेरीबोट घ्या, गाडी बोटीत चढते, मोठा वळसा वाचतो. बाणकोटचा किल्ला जवळच आहे, तो बघा. वेळास नाना फडणवीसांचं मूळ गाव, हे सांगायचं राहिलं.

रपेट | रविवार, रात्री ११:०५

मी पण जातोय १२ तारखेला. गाडी गावात लावीन. खूश?

मंडणगडकर_७ | सोमवार, सकाळी ९:०५

आज सकाळी त्याच टोपलीच्या शेजारची उचलली, पायवाटबाईंनी पाटीचा फोटो टाकलाय ना तिच्या डावीकडची. एकाहत्तर पिल्लं. एकमेकांच्या अंगावर चढलेली, टोपली हलत होती. आत्याने मोजायला मदत केली.

पायवाट | सोमवार, सकाळी ९:३०

शाळेत जाताजाता लेकीला वाचून दाखवलं, बूट घालायची थांबली आणि रडायलाच लागली, आपण दहा दिवस लवकर गेलो म्हणून. सासूबाईंनी पहिलं विचारलं, आज एकादशी ना? अकराची पाऊणपट सव्वाआठ. म्हणजे सोडलं तेव्हा पाणी चढत होतं, फार चालावं लागलं नसेल त्यांना.

मंडणगडकर_७ | सोमवार, सकाळी ९:४१

बरोबर. पंधरा पावलं फार तर.

खवळे | सोमवार, सकाळी ९:५०

फाल्गुनातली वद्य एकादशी म्हणजे पापमोचनी. दिराला उपास करायला सांगा.